ओळखीचे शब्द, जुने अर्थ

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने पुण्यात एक सदनिका भाड्याने घेतली. नोंदणीसाठी एजंट घरीच आला. त्याने लॅपटॉप उघडून सर्वांचे फोटो काढले, काडेपेटीएवढ्या यंत्रावर अंगठे लावून घेतले आणि अर्ध्या तासात ‘लिव्ह अँड लायसन्स’चे काम उरकले. चहा पिताना भाच्याने विचारले, ‘‘मामा, लायसन्स समजलं, पण लिव्ह कशासाठी?’’ मी तोंड उघडण्यापूर्वीच एजंटने सांगून टाकले, ‘‘अकरा महिने झाले की घर लिव्ह करायचं, म्हणून लिव्ह.’’ घरमालकांनी मान डोलावली. भाच्याचेही समाधान झाले.

उत्तर चुकीचे होते, पण ते इतके सहज आणि पटण्याजोगे होते की चहाचा कप खाली ठेवून त्यात दुरुस्ती करणे मला क्षणभर उद्धटपणाचे वाटले. सोडणे या अर्थाचे ‘लिव्ह’ हे क्रियापद आणि या करारातले ‘लिव्ह’ हे नाम दिसायला एकच असले, तरी मुळात ते दोन निराळे शब्द आहेत. करारातल्या ‘लिव्ह’चा अर्थ परवानगी. अपील दाखल करण्यासाठी न्यायालयाकडे ‘लिव्ह’ मागतात ती हीच, आणि कचेरीत साहेबांकडे मागतात तीही हीच, म्हणजे कामावर न येण्याची परवानगी. मराठीत आपण तिला रजा म्हणतो, आणि रजा या शब्दाचा प्रवासही नेमका असाच झालेला आहे. मुळात अरबीत संमती, मर्जी असा अर्थ असलेला तो शब्द फारसीमार्गे आपल्याकडे परवानगी म्हणून आला आणि हळूहळू सुट्टीपुरता उरला. त्याच धातूतून ‘राजी’ आला आणि ‘राजीनामा’ही. राजीनामा हे एके काळी संमतीचे पत्र होते, आज ते नोकरी सोडण्याचे पत्र आहे. इंग्रजीत ‘टेक लिव्ह’ म्हणजे जाण्याची परवानगी घेणे, आणि जुन्या मराठीतला निरोप म्हणजेही आज्ञा किंवा परवानगीच. निरोप घेणारा माणूस खरे तर ‘जाऊ का?’ असे विचारत असे.

तेव्हा ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवानगी आणि परवाना. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची ही इंग्रजी कायद्याची जुनी खोड आहे. सोडून जाण्याचा त्यात सुतराम संबंध नाही. यावर कोणी म्हणेल की अर्थ कळला काय आणि न कळला काय, घर मिळाल्याशी मतलब. परंतु मुंबईत या शब्दाच्या अर्थावर कित्येक कुटुंबांचे छप्पर अवलंबून राहिलेले आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२नुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीत काही करण्याची नुसती मुभा असते, त्यातून मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेपट्ट्याने मात्र तो निर्माण होतो. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, आणि ते टाळण्यासाठी घरमालकांनी भाडेकरू हा शब्दच कागदावरून हद्दपार करून त्याच्या जागी परवानाधारक बसवला. अखेर १९७३मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानावे लागले. आपण घरात नेमके कोण म्हणून राहतो आहोत, हे त्या करारातला एक शब्द ठरवत होता, आणि तो शब्द ज्याच्यावर बेतला होता त्याला त्याचा अर्थ बहुधा ठाऊक नव्हता.

माझे अर्धे आयुष्य इंग्रजी कागदपत्रांचे मराठी करण्यात गेले आहे आणि त्या अनुभवावरून माझे एक मत बनले आहे. कायद्याची आणि सरकारी कारभाराची इंग्रजी सोपी करावी, अशी मागणी इंग्लंडमध्येही होते आणि इथेही होते. ती करणाऱ्यांचा रोख नेहमी विचित्र दिसणाऱ्या शब्दांवर असतो. ‘एस्टॉपेल’, ‘हेरेडिटामेंट’, ‘मेसुएज’ असले शब्द वर्तमानपत्रांत चेष्टेसाठी छापले जातात आणि ते काढून टाकले की भाषा सोपी झाली असे मानले जाते. मला हा रोख चुकलेला वाटतो. ‘एस्टॉपेल’ वाचून कोणाची फसगत होत नाही, कारण तो कळला आहे असे कोणालाच वाटत नाही. माणूस थांबतो आणि कोश उघडतो किंवा वकिलाला विचारतो. फसगत होते ती ‘लिव्ह’ वाचून. जो शब्द आपण रोज वापरतो तो जुन्या किंवा खास अर्थाने समोर आला, तर आपण थांबतच नाही. म्हणून कागदपत्रांची भाषा सुधारायचीच असेल, तर सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून व्हायला हवी.

याचा एक नमुना आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे असे शब्द आहेत. ‘लेट’ म्हणजे होऊ देणे, हे दुसरीतल्या मुलाला माहीत असते. मग ‘होऊ न देता’ जाऊ द्यावे म्हणजे काय? इथला ‘लेट’ हाही वेगळाच, जुन्या इंग्रजीत अडवणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला शब्द आहे. उच्चार झिजत झिजत तो परवानगीच्या ‘लेट’सारखा झाला आणि एकाच ध्वनीचे दोन परस्परविरोधी अर्थ काही शतके शेजारी शेजारी नांदले. शेक्सपिअरचा हॅम्लेट ‘मला जो लेट करील त्याचे मी भूत करून टाकीन’ असे म्हणतो ते अडवणाऱ्याला उद्देशून. पुढे अडवण्याचा ‘लेट’ बोलण्यातून गेला आणि दोनच ठिकाणी तग धरून राहिला: टेनिसच्या मैदानात, जिथे जाळीला लागून पडलेली सर्व्हिस ‘लेट’ ठरते, आणि पासपोर्टमध्ये. गंमत अशी की त्याच पानावर हिंदीत ‘बिना रोक-टोक’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. मूळ इंग्रजीचा अर्थ तिच्या शेजारच्या भाषांतरात शोधावा लागावा, हे मला फार बोलके वाटते, आणि पुढे याच मुद्द्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

जुन्या शब्दांनी नवी माणसे फसतात हा काही इंग्रजीचाच दोष नाही. गीतेत स्थितप्रज्ञाला ‘वीतरागभयक्रोध’ म्हटले आहे. मराठी वाचक तिथे राग आणि क्रोध पाहून एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली, असे मनात म्हणून पुढे जातो. तिथला राग म्हणजे आसक्ती, अनुरागातला राग. आपल्या मराठी रागाने त्याची जागा इतकी पुरती बळकावली आहे की मूळ अर्थ आठवण्यासाठी मुद्दाम अडखळावे लागते. मृग म्हणजे हरीण हेही तसेच. संस्कृतात मृग म्हणजे कोणताही वन्य पशू होता, म्हणून सिंह मृगेंद्र होतो आणि माकड शाखामृग होते. इंग्रजीतल्या ‘डीअर’चे हुबेहूब असेच झाले आहे. एके काळी तो कोणत्याही जनावराला लागू होता, इतका की उंदीर-घुशींनाही ‘डीअर’ म्हटलेले शेक्सपिअरमध्ये सापडते, आणि आज तो फक्त हरणाला उरला आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असे लिहिलेले असते. अज्ञान पालनकर्ता हे त्याचे पूर्ण रूप, आणि तिथला अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, तर वयात न आलेला. शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते, पण त्याच शेतकऱ्याच्या शहरात वाढलेल्या नातवाला ते समजावून सांगावे लागते. इंग्लंडच्या कायद्यात ‘इन्फंट’ हा अज्ञानाचाच जोडीदार होता. १९७०पर्यंत तिथे एकवीस वर्षे पूर्ण न झालेला प्रत्येक जण कायद्याने ‘इन्फंट’, मग त्याचे लग्न होऊन त्याला मूल का असेना.

इंग्रज वाचकाची सर्वांत मोठी फसगत धर्मग्रंथात होते. १६११मध्ये प्रसिद्ध झालेले, राजा जेम्सच्या नावाने ओळखले जाणारे बायबलचे भाषांतर आजही इंग्रजी बोलणाऱ्या जगात वाचले जाते. त्यात एक स्तोत्रकार म्हणतो की मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केले. आजच्या अर्थाने त्याने सूर्याला उगवूच दिले नाही असे होईल. त्या काळी ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी येणे, पुढे जाऊन थांबणे, म्हणजे तो भक्त बिचारा पहाट होण्यापूर्वी उठला होता. लहान मुलांना माझ्याकडे येण्यास ‘सफर’ करा, असे येशू म्हणतो. ‘सफर’ म्हणजे सोसणे, दुःख भोगणे असे समजणाऱ्या आजच्या वाचकाला त्यातून काय बोध होणार? मराठी बायबल वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ही अडचणच पडत नाही. त्याच्या पुस्तकात ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ असे सरळ लिहिलेले असते, कारण भाषांतरकाराला प्रत्येक शब्दाजवळ थांबून अर्थ ठरवावाच लागला होता. जुने इंग्रजी भाषांतर वाचणारा लंडनचा माणूस इथे अंधारात, आणि अहिल्यानगरच्या चर्चमधली म्हातारी मात्र उजेडात, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

धर्मग्रंथातल्या गैरसमजाने फार तर प्रवचन बिघडते. कायद्यात माणूस तुरुंगात जातो. इंग्लंडमध्ये १८६१चा शारीरिक इजांच्या गुन्ह्यांचा कायदा आहे. त्यात ‘मॅलिशसली’ हा शब्द वारंवार येतो. सामान्य इंग्रजीत ‘मॅलिस’ म्हणजे आकस, खुनशीपणा, दुष्टबुद्धी. १९५७मध्ये कनिंगहॅम नावाच्या एका माणसाचा खटला अपिलात आला. त्याने एका रिकाम्या घराच्या तळघरातला गॅसचा मीटर त्यातली नाणी चोरण्यासाठी भिंतीवरून उखडला. गॅसचा पुरवठा बंद करण्याची तोटी जवळच होती, पण ती त्याने बंद केली नाही. गॅस भिंतीतून झिरपत शेजारच्या घरात गेला आणि तिथे झोपलेल्या एका वृद्ध स्त्रीचा जीव धोक्यात आला. घातक वायू दुसऱ्याच्या शरीरात ‘मॅलिशसली’ सोडल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी ज्युरींना सांगितले की ‘मॅलिशस’ म्हणजे ‘विकेड’, दुष्ट. चोरी हे दुष्ट कृत्य आहेच, तेव्हा ज्युरींनी दोषी ठरवले. अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्या कायद्यात ‘मॅलिस’ म्हणजे दुष्टपणा नव्हे, तर तशी इजा करण्याचा इरादा, किंवा तशी इजा होऊ शकेल हे दिसत असूनही बेदरकारपणे पुढे जाणे. माणूस दुष्ट होता की नाही हा प्रश्नच नव्हता, गॅसमुळे कोणाला इजा होईल हे त्याच्या लक्षात आले होते का, हा प्रश्न होता.

या खटल्यात शब्दाने चकवले ते कोणा अशिलाला नव्हे, इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आणि कायदा हा ज्याचा व्यवसाय अशा न्यायाधीशाला. ‘एस्टॉपेल’ने त्याला कधीच चकवले नसते. खुनाच्या व्याख्येतला ‘मॅलिस अफोरथॉट’ तर याहून वरचढ आहे. इंग्लंडच्या कायद्यात खुनासाठी ना आकस लागतो ना आधी केलेला विचार. असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या आईला दया येऊन क्षणात संपवणारा मुलगाही तिथे या व्याख्येत बसतो. दोन सोपे, रोजचे शब्द, आणि दोघांचाही अर्थ जे दिसते ते नाही.

इंग्लंडमध्ये एप्रिल १९९९पासून दिवाणी न्यायालयांचे नवे नियम लागू झाले आणि त्यांनी जुन्या शब्दांची मोठी साफसफाई केली. ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ झाला, ‘रिट’च्या जागी ‘क्लेम फॉर्म’ आला, ‘सबपीना’ जाऊन साक्षीदाराचे समन्स आले, आणि ‘लिव्ह’च्या जागी चक्क ‘पर्मिशन’ आले. हा शेवटचा बदल मला मनापासून मान्य आहे, कारण तिथे फसवा शब्द काढून निःसंदिग्ध शब्द ठेवला गेला. परंतु त्याच झाडूने आणखी दोन शब्द गेले, त्यांच्याविषयी मी साशंक आहे. प्रतिवादीने पुरावा नष्ट करू नये म्हणून त्याच्या जागेत जाऊन कागदपत्रे तपासण्याची मुभा वादीला देणाऱ्या आदेशाला १९७५च्या एका खटल्यातल्या जर्मन कंपनीच्या नावावरून ‘अँटन पिलर ऑर्डर’ म्हणत. नव्या नियमांत तो ‘सर्च ऑर्डर’ झाला. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच पोलीस, झडती, फोडलेले दार उभे राहते. प्रत्यक्षात हे झडतीचे वॉरंट नाही, असे तो आदेश देणाऱ्या न्यायालयानेच तेव्हा स्पष्ट केले होते. दार फोडण्याचा अधिकार त्यात नाही. प्रतिवादीने आत येऊ द्यावे असा हुकूम त्याच्यावर असतो आणि त्याने तो मोडला तर न्यायालयाचा अवमान होतो. ‘अँटन पिलर’ ऐकून माणूस ‘म्हणजे काय?’ असे विचारत असे. ‘सर्च ऑर्डर’ ऐकून तो विचारत नाही. ‘मरेव्हा इंजंक्शन’ हे एका जहाज कंपनीच्या नावावरून पडलेले नाव, त्याचे ‘फ्रीझिंग इंजंक्शन’ झाले. इथेही तसेच वाटते, की मालमत्ताच कुठे तरी गोठली, जप्त झाली. खरे तर तो हुकूम माणसावर असतो, मालमत्तेची विल्हेवाट लावू नकोस म्हणून.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. अनोळखी शब्द माणसाला थांबवतो आणि वकिलाकडे पाठवतो हे खरे, पण वकिलाकडे जाण्याची ऐपत सर्वांची कुठे असते? ज्याच्या हातात पैसे नाहीत त्याच्यासाठी अनोळखी शब्द म्हणजे बंद दार. भाषा सोपी करण्याची चळवळ या बंद दारामुळेच उभी राहिली आणि तिच्यामागची कळकळ मी नाकारत नाही. पण बंद दाराच्या जागी दाराचे चित्र काढलेली भिंत उभी करणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. गरीब अशिलाला ‘मला हे कळत नाही’ हे कळणे, ‘मला कळले’ असा भ्रम होण्यापेक्षा बरे. आणि शब्द सोपा करायचाच असेल, तर त्याच्या शेजारी, त्याच कागदावर, त्याचा अर्थ लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

हे कसे करावे याचा उत्तम धडा आपल्याच देशात दिला गेला आहे. १८३७मध्ये मेकॉलेच्या आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला. मेकॉलेविषयी आपल्याकडे बरे बोलण्याची पद्धत नाही, तरीही मसुद्याची रचना पाहावी. ‘अप्रामाणिकपणे’, ‘कपटाने’, ‘सद्भावनेने’ असे जे शब्द कोणालाही माहीत आहेतसे वाटतात, नेमक्या त्यांच्याच व्याख्या आरंभी दिल्या आहेत. अप्रामाणिकपणे म्हणजे एखाद्याला गैर लाभ किंवा दुसऱ्याला गैर हानी करण्याच्या इराद्याने, बस्स. मनात पाप होते की नाही याची चर्चा नको. शिवाय कलमांखाली ‘क’ने ‘ख’चे झाड तोडले, ‘क’ला ‘ख’ची अंगठी टेबलावर दिसली, अशी छोटी उदाहरणे दिली आहेत. १८६०मध्ये कायदा झाला आणि १८६२पासून तो लागू झाला. ओळखीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे सूत्र त्यात पक्के पाळले आहे.

एक शब्द मात्र निसटला, आणि त्याची किंमत आपण दीडशे वर्षांहून अधिक काळ मोजतो आहोत. कलम ३५४मध्ये स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’चा भंग हा गुन्हा होता. ‘मॉडेस्टी’ची व्याख्या संहितेत कुठेच नाही. हा शब्द त्या काळच्या इंग्रजीत एकाच वेळी नम्रता, लज्जा, शालीनता आणि लैंगिक बाबतीतला संकोच, हे सगळे पोटात घेऊन होता. न्यायालयांना तो उलगडताना काय कष्ट पडले ते १९६६च्या एका निकालात दिसते. साडेसात महिन्यांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराचा तो खटला होता, आणि सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की इतक्या तान्ह्या मुलीला ‘मॉडेस्टी’ असते का. बहुमताने निर्णय झाला की असते, स्त्रीत्वाबरोबरच ती जन्मतः येते. पण तीनपैकी एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. पुढे १९९५मध्ये एका ज्येष्ठ महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दासाठी इंग्रजी शब्दकोश उघडलेला दिसतो. ज्या कृत्याविषयी कोणाच्याही मनात संशय नाही ते गुन्हा ठरवण्यासाठी विद्वान न्यायाधीशांना व्हिक्टोरियन शब्दाचा कीस पाडावा लागावा, हा दोष शब्द कठीण असण्याचा नव्हे, तो सोपा वाटल्यामुळे व्याख्येविना सुटल्याचा आहे.

आणि मराठीने त्याचे काय केले? ‘विनयभंग’. वर हिंदी पासपोर्टचे आणि मराठी बायबलचे कौतुक केले, त्याची दुसरी बाजू इथे दिसते. संस्कृतातल्या विनयाला शिस्त, सदाचार असा व्यापक अर्थ आहे, पण मराठीत विनय म्हणजे नम्रता, विनयशील म्हणजे नम्र. ‘मॉडेस्टी’च्या अनेक अर्थांपैकी मराठी कानाला जो अर्थ ऐकू येतो तो इथे नेमका गैरलागू आहे. रोजच्या बातमीत ‘विनयभंग’ वाचताना कोणी विनय आणि भंग असे सुटे करून पाहत नाही, ते एक बोथट झालेले नाव बनले आहे, आणि स्त्रीच्या देहावर झालेला हल्ला त्या नावामागे झाकला जातो, असे मला वाटते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुन्या दंडसंहितेतले बरेच काही बदलले, पण कलम ७४मध्ये ‘मॉडेस्टी’ आहे तिथेच आहे, व्याख्येविना.

अमेरिकेत तर राज्यघटनाच १७८७ची आहे. तिच्या चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक राज्याचे ‘डोमेस्टिक व्हायोलन्स’पासून रक्षण करण्याची हमी संघराज्याने दिली आहे. आज हे शब्द ऐकून नवऱ्याची मारहाण डोळ्यांपुढे येते, तर तेव्हा त्यांचा अर्थ राज्यांतर्गत दंगा, बंड असा होता. आपल्या घटनाकारांनी अनुच्छेद ३५५मध्ये याच ठिकाणी ‘इंटर्नल डिस्टर्बन्स’, म्हणजे अंतर्गत अशांतता, असे शब्द घातले आणि पुढचा घोळ टाळला. इथे निदान संदर्भ अर्थ सावरून घेतो. अमेरिकी घटनेच्याच शस्त्रांविषयीच्या दुसऱ्या दुरुस्तीत तो सावरू शकला नाही. तिथल्या ‘बेअर आर्म्स’चा अर्थ शस्त्र जवळ बाळगून फिरणे, की सैन्यात किंवा लोकसेनेत लढणे? २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी पहिल्या बाजूने कौल दिला आणि त्यासाठी अठराव्या शतकातल्या सॅम्युएल जॉन्सनच्या शब्दकोशातून ‘आर्म्स’चा अर्थ काढला. माझी अडचण निकालाशी नाही, रीतीशी आहे. मराठीत शस्त्र खाली ठेवणे म्हणजे शरण जाणे. शस्त्र, खाली आणि ठेवणे हे तीन शब्द कोशात वेगवेगळे पाहून तो अर्थ कधी हाती लागेल काय? वाक्प्रचाराचा अर्थ त्या काळच्या लेखनात तो कसा वापरला जात होता हे पाहूनच ठरतो, आणि न्यायालयात अल्पमतात राहिलेल्यांचे म्हणणे तेच होते.

शब्दकोशांवर आपला विश्वास थोडा आंधळा आहे, हेही या निमित्ताने सांगायला हवे. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊन १९२८मध्ये पुरा झाला. त्यात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले आहेत, म्हणजे पहिला अर्थ हा सर्वांत जुना, आणि तो कदाचित तीनशे वर्षांपूर्वी मेलेला असतो. मेलेल्या अर्थापुढे कट्यारीची बारीक खूण असते. विद्यार्थी पहिला अर्थ उतरवून घेतात आणि कट्यार पाहत नाहीत. आपल्याकडे जुन्या मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतात. १८३१ची पहिली आणि १८५७ची दुसरी आवृत्ती असलेला तो कोश अजूनही अजोड आहे, पण त्यातली इंग्रजीही दीडशे वर्षांहून जुनी आहे हे विसरले जाते. तिथे धान्याच्या आणि मळणीच्या शब्दांपुढे ‘कॉर्न’ येतो तो कोणतेही धान्य या अर्थाने. शहरी मराठी मुलाला कॉर्न म्हणजे मका आणि कणीस म्हणजे पावसाळ्यात भाजून मिळते ते मक्याचे कणीस, एवढेच ठाऊक. जुना मराठी शब्द समजून घ्यायला तो जातो आणि जुन्या इंग्रजी शब्दाने चकून परत येतो. इंग्लंडचे १८१५ ते १८४६चे ‘कॉर्न लॉज’ आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत धान्य कायदे म्हणून आले, ते करणाऱ्या अनामिक भाषांतरकाराला माझा नमस्कार.

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांतून मराठी वापरली जाते, उच्च न्यायालयात इंग्रजी चालते, आणि दोहोंच्या मधल्या वाटेवर कागद सतत या भाषेतून त्या भाषेत जातात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश या वाटेवरचा जुना सोबती आहे. पण त्याची रचना शब्दासमोर शब्द अशी आहे, आणि पर्याय म्हणजे अर्थ नव्हे. ‘इन्स्ट्रुमेंट’समोर, म्हणजे कायदेशीर दस्तासमोर, ‘संलेख’ लिहिले की भाषांतरकाराचे काम भागते, वाचणाऱ्याचे नाही. या कोशाला जोडून एक छोटी पुस्तिका निघावी असे मला वाटते. तिच्यात दोन-तीनशे शब्दांहून अधिक नकोत आणि तेही फक्त ओळखीचे. ‘लिव्ह’, ‘मॅलिस’, ‘मॉडेस्टी’, ‘इन्फंट’ आणि ‘इन्स्ट्रुमेंट’ तिच्यात असावेत. ‘कन्सिडरेशन’ असावा, ज्याचा करारातला अर्थ विचार नसून मोबदला आहे. ‘डिमाइज’ही असावा. पट्ट्याने दिलेल्या जागेला ‘डिमाइज्ड प्रेमायसेस’ म्हणतात, आणि ते वाचून ही जागा मयताची आहे काय, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी गंभीरपणे विचारले होते. प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य अर्थाचे, एक उदाहरणाचे, आणि ‘असा अर्थ नव्हे’ असे सांगणारी एक ओळ असावी. ही तिसरी ओळ कोणताही कोश देत नाही, आणि खरी गरज तिचीच आहे.

पुस्तिका निघेल तेव्हा निघेल. ‘लिव्ह अँड लायसन्स’चा कागद मात्र आज संगणकावरच्या ठरीव नमुन्यातून निघतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने त्याची नोंदणी सक्तीची केली आहे, आणि नमुना एकच असल्याने त्यात एक ओळ घातली की ती प्रत्येक भाडेकरूच्या, चुकलो, प्रत्येक परवानाधारकाच्या हातात पडेल. शीर्षकाच्या खाली, पक्षकारांच्या नावांच्या वर, मराठीत एवढेच लिहावे: ‘लिव्ह म्हणजे परवानगी, या करारामुळे जागेत राहण्याची मुभा मिळते, जागेत हक्क मिळत नाही.’ एजंटलाही ती वाचून दाखवावी लागेल, कारण अंगठा लावण्यापूर्वी लोक शीर्षकाखालची पहिली ओळ तरी वाचतात.